माकडांनी दुर्लक्ष करावं म्हणून

वर्षावनात माकडं बघायला गेलेल्या माणसाला सुरुवातीला माकड दिसतच नाही. फांदी हलताना दिसते. अर्धवट खाल्लेलं फळ धप्पकन पायाशी पडतं, कधी नेमकी डोक्यावर लघवीची धार येते. तीस-चाळीस मीटर वर, पानांच्या चार थरांआड एक काळा ठिपका इकडून तिकडे सरकतो आणि सोबतचा वाटाड्या शांतपणे सांगतो, ‘मादी आहे, पोटाशी पिल्लू आहे.’ आपण दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तिथे आभाळाचा पांढुरका तुकडा तेवढा उरलेला असतो. संध्याकाळी मान अशी आखडलेली असते, की जेवताना ताटाकडे बघणंही नको वाटतं. जळवांबद्दल लोक उगाच फार बोलतात. जळवांची सवय होते, मानेची होत नाही.

आफ्रिकेच्या उघड्या गवताळ रानात बबून माकडांच्या मागे फिरणाऱ्या अभ्यासकांचा मला म्हणूनच थोडा हेवा वाटतो. त्यांचा कळप जमिनीवर असतो, कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते गाडीतूनही टिपता येतं. वर्षावनात मात्र डोळ्यांच्या आधी कान तयार करावे लागतात. फांदीवरून माकडाने मारलेली उडी आणि वाऱ्याने हललेली फांदी यांचे आवाज वेगळे असतात. उडीच्या आवाजात आधी एक कच खाल्ल्यासारखा थांबा असतो, मग पानांचा सळसळाट होतो. खाली पडलेल्या फळाच्या गरावर दातांच्या खुणा ओल्या आहेत की काळपट पडल्यात, यावरून कळप किती पुढे गेला असेल याचा अंदाज बांधायचा. विष्ठा सापडली तर सोनंच. त्यात काय खाल्लं त्याच्या बिया असतात, डीएनए असतो, ताणाची संप्रेरकंही मोजता येतात. प्राणी एकदाही धड न दिसता त्याच्याबद्दल बरंच कळू शकतं, हे पचायला मला वेळ लागला. मी तर बघायला गेलो होतो.

हा सगळा उद्योग तसा फार जुना नाही. १९२५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका कृत्रिम टेकडीवर हमद्रिया जातीचे शंभरेक बबून सोडले गेले, त्यातले बहुतेक सगळे नर. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात इतक्या मारामाऱ्या झाल्या, की निम्म्याहून जास्त प्राणी मेले. प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी हे सगळं बारकाईने अभ्यासलं आणि माकडांचा समाज मुळात लैंगिक आकर्षणावर आणि दांडगाईवर उभा असतो, असं चित्र १९३२ मध्ये मांडलं. जवळजवळ त्याच सुमारास, १९३१ च्या अखेरीस, क्लॅरेन्स रे कार्पेंटर हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर हाउलर माकडांच्या मागे फिरायला लागला. हे बेटही माणसानेच घडवलेलं आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, खोरं पाण्याखाली गेलं आणि एका टेकडीचा माथा जंगलासकट बेट होऊन उरला, जेमतेम पंधरा चौरस किलोमीटरचा.

कार्पेंटरला तिथे जे दिसलं ते लंडनच्या टेकडीशी अजिबात जुळत नव्हतं. हाउलरचे कळप एकमेकांना भिडत नव्हते. नर पहाटे डरकाळ्या फोडत, दुसरा कळप पलीकडून उत्तर देई आणि दोघं आपापल्या वाटेने जात. कळपाच्या आत तर त्याहून शांतता. १९३४ मध्ये त्याने हा अभ्यास प्रसिद्ध केला. जंगलातल्या माकडांचा तो पहिला पद्धतशीर दीर्घ अभ्यास मानला जातो. झुकरमन खोटं बोलत नव्हते. त्यांच्या टेकडीवर मारामाऱ्या झाल्याच होत्या. पण नरांची अशी गर्दी कोंडून ठेवली की काय होतं, एवढंच त्या टेकडीवरून कळत होतं.

कार्पेंटरने जे पाहिलं त्यात नाट्य जवळजवळ नव्हतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण बघणाऱ्याचा डोळा नाट्याकडेच धावतो. दोन नर दात विचकून एकमेकांवर धावले, तर त्या वेळी कळपातली बाकीची चौदा माकडं काय करत होती ते कुणाच्या लक्षात राहत नाही. वहीत भांडण लिहिलं जातं, चौदा जणांचं बसून राहणं लिहिलं जात नाही. अशा वर्षभराच्या नोंदींवरून माकडं भांडकुदळ ठरतात. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये या दुखण्यावर बोट ठेवलं आणि नोंदी कशा घ्यायच्या याची शिस्तच घालून दिली. ठरावीक वेळ एकाच प्राण्यावर नजर ठेवायची, तो कितीही कंटाळवाणा वागला तरी. किंवा ठरावीक मिनिटांनी घड्याळ वाजलं की त्या क्षणी दिसणारं प्रत्येक माकड काय करतंय ते लिहायचं. मग शेजारच्या झाडावर महायुद्ध पेटलेलं का असेना, वहीत आधी आपल्या वाट्याच्या माकडाचं ‘बसलंय’ हेच लिहायचं. ऑल्टमन स्वतः बबूनवर काम करत होत्या, पण त्यांची पद्धत आज पक्ष्यांपासून डॉल्फिनपर्यंत सगळीकडे चालते.

या शिस्तीचा थेट परिणाम असा, की नोंदवही भयंकर कंटाळवाणी होते. हाउलर माकडं दिवसाचा निम्म्याहून कितीतरी जास्त वेळ काहीही करत नाहीत. फांदीवर पोट टेकून, हातपाय दोन्ही बाजूंना लोंबकळत सोडून पडलेली असतात. तक्त्याच्या रकान्यात ओळीने विश्रांती, विश्रांती, विश्रांती. पण या रकान्यातूनच पुढे एक सुंदर गोष्ट निघाली. कॅथरीन मिल्टन यांनी बारो कोलोराडोवरच हाउलर आणि स्पायडर माकडं यांची तुलना केली. दोघांची वजनं साधारण सारखी आणि जंगलही एकच. हाउलर भरपूर पानं खातं, आणि पानांतला चोथा पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून आंबवून घ्यायला वेळ लागतो, अन्न पोटातून बाहेर पडायला सुमारे वीस तास. स्पायडर माकड मुख्यतः पिकलेल्या फळांवर जगतं आणि चार-पाच तासांत मोकळं होतं. फळात साखर आहे, पण फळं विखुरलेली असतात. कुठलं झाड कधी पिकतं ते लक्षात ठेवावं लागतं. स्पायडर माकडाचा मेंदू हाउलरच्या जवळजवळ दुप्पट आहे. आहारामुळेच मेंदू वाढला का, यावर वाद होऊ शकतो आणि होतोही. मला त्या वादापेक्षा हे भावतं, की फांदीवर आडवं पडलेलं आळशी माकड खरं तर कामात असतं, फक्त ते काम पोटात चाललेलं असतं.

आता मुख्य अडचण. हे सगळं टिपायचं तर माकडाने आपल्यासमोर नेहमीसारखं वागलं पाहिजे, आणि माणूस दिसल्यावर कुठलंही रानातलं माकड नेहमीसारखं वागत नाही. त्यामुळे कुठल्याही नव्या अभ्यासाचे पहिले कित्येक महिने, कधी वर्षं, एकाच कामात जातात. कळपाला आपली सवय करायची. बाहेरच्या लोकांना यात काहीतरी मैत्रीबित्री असते असं वाटतं. उलट असतं. माकडाने आपल्याशी मैत्री केली, जवळ आलं, हात पुढे केला, तर अभ्यास बिघडलाच म्हणून समजा. खायला घालून ओळख वाढवायचा मार्ग सोपा आहे. टांझानियातल्या गोम्बेमध्ये साठच्या दशकात चिंपांझींना केळी घातली गेली, आणि त्या केळ्यांभोवतीच्या गर्दीने त्यांचं आपापसातलं वागणंच बदललं. तेव्हापासून चांगले अभ्यासक अन्न हातात घेत नाहीत. रोज त्याच वेळी जायचं, शक्यतो त्याच रंगाचे कपडे घालायचे, सावकाश चालायचं, थांबल्यावर थांबायचं. आणि लपायचं अजिबात नाही. नवख्याला झुडपाआड दबून बसावंसं वाटतं, पण जंगलात दबा धरून बसणारा एकच प्रकारचा प्राणी असतो आणि माकडांना तो चांगला ठाऊक आहे.

माकडं आपल्याला नेमकं कोण समजतात, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या ताई जंगलातून आलं. आयव्हरी कोस्टच्या या वर्षावनात डायना माकडं राहतात. क्लाउस झुबरब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना लपवलेल्या स्पीकरवरून वेगवेगळ्या शिकाऱ्यांचे आवाज ऐकवले. बिबट्याची गुरगुर ऐकू आली की डायना माकडं एकच गिल्ला करतात, गरुडाच्या आवाजालाही तसंच. कारण हे दोघे अचानक झडप घालणारे. एकदा ‘तू दिसलास’ असं जाहीर झालं की त्यांचा डाव फसतो, बिबट्या तर उठून चालू लागतो. चिंपांझींचा आवाज ऐकवला तर मात्र माकडं चिडीचूप होतात आणि पानांआडून निसटतात. चिंपांझी झाडावर चढून, टोळीने पाठलाग करून माकडं मारतात, ओरडून त्यांना आपला पत्ता देण्यात काय अर्थ? आणि माणसाचा आवाज ऐकवला तर? तीच वागणूक, जी चिंपांझीला. गप्प बसायचं आणि सटकायचं. बंदूक लांबून पोचते, हे डायना माकडांनी आपल्या हिशेबात बसवलेलं आहे.

हे वाचल्यापासून जंगलातल्या शांततेबद्दलचं माझं मत बदललं. पायवाटेवर आपण चालत असतो, वर काहीच हलत नसतं, आणि आपण म्हणतो, आज जंगल रिकामं आहे. तसं असेलही. किंवा वर वीस जोड डोळे आपल्याकडे बघत, श्वास रोखून, आपण जायची वाट बघत असतील. गणनेसाठी आखलेल्या सरळ वाटेवरून तासाला एखादा किलोमीटर एवढ्याच वेगाने चालायचं आणि दिसलेल्या प्रत्येक कळपाचं वाटेपासूनचं अंतर लिहायचं, ही पद्धत जगभर वापरतात. पण शिकार चालते त्या जंगलात माकडं लपायला शिकलेली असतात, त्यामुळे तिथली गणना कमी भरते. हा फरक आकड्यांत कसा बसवायचा यावर लोकांनी डोकी शिणवली आहेत.

आणि मग कधीतरी तो दिवस येतो, जेव्हा कळप आपल्याकडे बघतही नाही. सिंहपुच्छ माकडांचा एक कळप असा माझ्या वाट्याला आला होता. पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलाबाहेर हे माकड जगात कुठेच नाही. काळंभोर अंग, काळ्या तोंडाभोवती राखाडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. एक मादी माझ्यापासून दहाएक पावलांवर, डोक्याच्या उंचीच्या फांदीवर उतरून बसली. तिच्या हातात केसाळ सुरवंट होता, ज्याचे केस टोचले की आपला हात दिवसभर खाजतो, त्या जातीचा. तिने दुसऱ्या हाताने एक ताजं पान खुडलं, सुरवंट त्यात धरला आणि फांदीवर तळव्याने घासायला सुरुवात केली. मध्येच पान उलगडून बघितलं, पुन्हा घासलं. केस निघाल्याची खात्री झाल्यावर पान टाकलं, सुरवंट तोंडात. मग बोटं हुंगली. सिंहपुच्छ माकडांच्या या युक्तीची नोंद १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली होती, ती मी वाचली होती, म्हणून शोध बीध काही नव्हता. पण त्या अर्ध्या मिनिटात तिने एकदाही मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथे असणं तिच्या लेखी शेजारच्या खोडाइतकंच होतं, आणि इतका मोठा मान मला आजवर कुणी दिलेला नाही.

या मानाची किंमत मात्र माकडं मोजतात. माणसाला न भिणारा कळप शिकाऱ्यालाही भीत नाही. त्याला हिरवी पँट घातलेला विद्यार्थी आणि बंदूकवाला यांच्यात फरक करता येत नाही. दुसरी गोष्ट आजाराची. ताईमध्येच १९९९ ते २००६ या काळात माणसांना सरावलेल्या चिंपांझींमध्ये श्वसनाच्या साथी आल्या आणि बरेच मेले. नमुने तपासले तेव्हा आपल्याकडच्या साध्या सर्दी-खोकल्याच्या घराण्यातले विषाणू सापडले, ते माणसांकडूनच गेलेले होते. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि अभ्यासकांच्या जगात खळबळ माजली. आता तोंडाला मास्क, ठरावीक अंतर, बाहेरून आलेल्याला आधी काही दिवस वेगळं ठेवणं, हे बऱ्याच ठिकाणी सक्तीचं आहे. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही होती. जिथे अभ्यासक रोज फिरतात त्या भागात शिकार कमी होते आणि माकडं टिकून राहतात. एकाच पथकामुळे चिंपांझी आजारी पडले आणि त्याच पथकामुळे आजूबाजूची माकडं वाचली. मला विचाराल तर ज्या जंगलात उद्या पहारा असेल याची खात्री नाही, तिथे कळपाला सवय लावायला हात घालूच नये. पैसे संपले म्हणून पथक परत येतं, कळपाची भीती मात्र लगेच परत येत नाही.

म्हणून कॅमेरा ट्रॅपबद्दल, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप चित्र टिपणाऱ्या पेटीबद्दल, मला सुरुवातीला जो तुच्छपणा वाटायचा तो गेला. झाडाला बांधलेल्या त्या पेटीला कुणी घाबरत नाही. तिला सर्दी होत नाही. रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाचं तर तिच्याशिवाय पानच हलत नाही. आपण ‘वर्षावनातले प्राणी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दिवसा दिसणारी माकडं येतात, पण बारो कोलोराडोवरच्या सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी निम्म्याच्या आसपास वटवाघळं आहेत. फांदीला उलटं लटकून संथपणे हालणाऱ्या स्लॉथचंही बघा. पिंजऱ्यात तो दिवसाचे सोळा तास झोपतो, म्हणून जगभर आळसाचं प्रतीक झाला. याच बेटावर जंगली स्लॉथच्या डोक्याला मेंदूच्या लहरी नोंदवणारं छोटं यंत्र बांधून बघितलं, तर २००८ च्या त्या अभ्यासात सरासरी साडेनऊ तासांच्या थोडी वर झोप निघाली. पिंजऱ्यात शत्रू नाही आणि जेवण आयतं मिळतं, तिथे झोपण्याशिवाय आणखी काय करणार बिचारा.

पनामाच्याच हिकारोन बेटावर कॅमेऱ्यांनी जे दाखवलं ते तर कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिथली पांढऱ्या तोंडाची कपुचिन माकडं दगडाने टणक फळं आणि शिंपले फोडतात, ते टिपायला जमिनीजवळ कॅमेरे लावले होते. चित्रफिती चाळताना २०२२ मधल्या एकीत एका तरुण नराच्या पाठीवर हाउलरचं पिल्लू बसलेलं दिसलं. मग दुसरं, तिसरं. पंधरा महिन्यांत पाच तरुण नरांनी मिळून किमान अकरा पिल्लं अशी पळवून आणून पाठीवर मिरवली. मारलं नाही, खाल्लं नाही, पण दूध कुठून देणार? काही पिल्लं कॅमेऱ्यातच मेलेली दिसली. एकाने सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं, एवढं चित्रफितींच्या क्रमावरून कळतं. पिल्लू आईपासून नेमकं कसं हिसकावलं ते मात्र कॅमेऱ्यात नाही, कारण ते बहुधा वर झाडांत घडलं आणि कॅमेरे खाली होते. तिथे वर बघणारा, मान आखडलेला कुणीतरी हवा होता, असं मला उगाचच वाटून गेलं.

काही गोष्टींना मात्र कॅमेरा काय आणि माणूस काय, वर्षंच द्यावी लागतात. युगांडातल्या किबाले जंगलात, न्गोगो इथे, त्याच वाटांवरून तीन दशकं माकडं मोजली गेली, म्हणून तर लाल कोलोबस माकडांची संख्या तिथे जवळजवळ नऊ-दशांशाने घटल्याचं ध्यानात आलं. आणि मोठं कारण निघालं ते तिथल्या चिंपांझींनी केलेली त्यांची शिकार. राखीव जंगल, बंदूक नाही, कुऱ्हाड नाही, तरीही. एका प्राण्याला वाचवलं की दुसरा आपोआप वाचतोच असं नाही, हे कुणालाही ऐकायला आवडत नाही.

झाडांचंही तसंच. कोणत्या झाडाला कधी फुलं, कधी फळं, हे दर महिन्याला जाऊन लिहिणं हे माकडांच्या अभ्यासातलं सगळ्यात रुक्ष काम. खाली जाळ्या लावायच्या, आठवड्याला त्यात पडलेलं निवडायचं, बिया मोजायच्या. पण रॉबिन फॉस्टर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ बारो कोलोराडोवर हे करत होता, म्हणून १९७० मध्ये काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी कोरडा ऋतू नेहमीसारखा कोरडा पडलाच नाही, पाऊस येत राहिला. बऱ्याच झाडांना फुलायला कोरड्या दिवसांनंतरची पावसाची सर लागते. ती खूणच मिळाली नाही, आणि वर्षाच्या उत्तरार्धात फळांचा दुष्काळ पडला. जंगल हिरवंगार, पानांनी गच्च, आणि प्राणी भुकेने मरत होते. वाटांवर मेलेले प्राणी सापडायला लागले. जे एरवी माणसाला बघून पळायचे ते दिवसाढवळ्या बेटावरच्या संशोधन केंद्राच्या अंगणात येऊन अन्न हुडकू लागले. स्पायडर माकडं तोवर दिवसातून एकदा त्या अंगणात डोकावून जायची. त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच इमारतींची दारं उघडायला शिकून घेतलं आणि थेट जेवणाच्या टेबलावर धाडी घातल्या. ब्रेड आणि केळी तेवढी उचलली. मांस, बटाटे आणि डब्यातली फळं यांना त्यांनी हातही लावला नाही.